तंबाखूमुक्त शाळेची बिडी

मल्लिनाथ सरांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. ‘तंबाखूमुक्त शाळा’ हे प्रमाणपत्र मिळालं, तर ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम लागणार होती, पेपरात फोटो येणार होता आणि निरोपसमारंभात वक्त्यांना सांगण्यासारखं काहीतरी मिळणार होतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत नेमका त्याचाच तुटवडा होता.

फलक लागले, घोषणा पाठ झाल्या. पण तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या लक्षात राहावं म्हणून सरांनी ठरवलं : मैदानात पुरुषभर उंच बिडी उभी करायची आणि साहेबांच्या हस्ते तिची होळी करायची.

सोलापुरात बिडी वळणारे हात शोधावे लागत नाहीत. सातवीतली सुकन्या धूम्रपानाच्या दुष्परिणामांवर भाषण करणार होती. तिच्या आईला, निंगव्वाला, सरांनी बोलावून घेतलं.

“बिडी हुबेहूब पाहिजे बघा. आत काय, कडबा कोंबा.”

“कडबा?” निंगव्वानं तोंडाला पदर लावला. “सर, वीस वर्सं झाली, रोज हजार बिडी वळती मी. कारखान्यात चेकरनं एक जरी बाजूला फेकली, तर मला जेवान जात न्हाय. आन् कडब्याची बिडी करू व्हय?”

“बरं बाई, तुमच्या पद्धतीनं करा. फक्त साहेबांसमोर विझायला नको.”

“माझी बिडी इझत न्हाय की.”

दोन दिवस तिनं कारखान्याचं काम बाजूला ठेवलं. बिड्या वळायला तिथून तोलून मिळालेली तेंदूची पानं भिजवून एकाला एक जोडली, गल्लीतल्या बायकांच्या सुपातला तंबाखूचा चुरा गोळा करून आत गच्च भरला, दोरा आवळला. बिडी अशी झाली, की चेकरनं नमस्कार केला असता.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी काडी लावली. भपकन पेटेल, दोन मिनिटांत राख होईल, असा सरांचा हिशेब. पण चांगली वळलेली बिडी भडकत नाही. ती शांतपणे धुमसू लागली, आणि वारा नेमका मुलांकडे.

माइकशी, बिडीला खेटून, सुकन्या उभी. “हा धूर आपल्या फुप्फुसात...” एवढं म्हणाली आणि खोकत सुटली. अभिनय समजून शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मग पहिली रांग खोकली, मग दुसरी. शिपाई धोंडीराम बादली घेऊन धावला.

“थांब रे!” सर दबक्या आवाजात ओरडले. “फोटो व्हायचाय अजून!”

फोटोवाला लेन्स पुसत होता. तोवर मैदानभर तीनशे मुलं धूर पीत बसली. साहेबांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि सरांच्या कानाशी लागले, “माल चांगलाय हो. कुठल्या कारखान्याचा?”

प्रमाणपत्र तिथंच मिळालं.

दुसऱ्या दिवशी सुकन्याची छाती तपासताना डॉक्टरांनी विचारलं, “घरात बिडी कोण ओढतं?”

“घरात कुनीच न्हाय,” निंगव्वा म्हणाली. “शाळंत ओढली.”

सरांना फ्रेम मिळाली, साहेबांना हार. पानांची तूट कारखान्यानं निंगव्वाच्या मजुरीतून वळती केली. डॉक्टरांची फी फेडायला ती संध्याकाळी मांडीवर सूप घेऊन बसली. रोजच्या हजार बिड्या पुरणार नव्हत्या, म्हणून शेजारी बसून खोकत खोकत सुकन्याही पानं कापत होती.