अंबाडा, डेस्क आणि तरस

आमची आत्या डावखुरी. शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं, पण कात्री आणि पेचकस डाव्याच हातात राहिले. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तिने बारा वर्षं काढली. ते बंद पडलं तेव्हा तिने कानाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात अर्ज केला. फोरमनने तिला डाव्या हाताने सही करताना पाहिलं आणि म्हणाला, "आमची टेबलं उजव्या हाताची आहेत. जमायचं नाही."

आत्या तोंड पाडून घरी आली.

"अगं, तू नुसती डावखुरी कुठेस?" मी म्हटलं. "तुला दोन्ही हात चालतात. इंग्रजीत त्याला ॲम्बिडेक्स्ट्रस म्हणतात."

"शब्द आहे की आगगाडी?"

आठ दिवस तो तिच्या जिभेवर ठरेना. शेवटचा डबा हमखास घसरायचा. कागदावर लिहून दिला, तर कागद धुण्यात गेला. मग एका सकाळी आरशापुढे केस बांधता बांधता ती ओरडलीच, "सापडला! अंबाडा दोन्ही हातांनी बांधतात ना? अंबाडा, डेस्क, तरस! अंबाडा घातलेलं तरस डेस्कवर बसलंय!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पण शब्द बसला तो बसलाच.

महिन्याभराने त्याच कारखान्यात पुन्हा जागा निघाली. या खेपेला फोरमनशेजारी मॅनेजरबाईही होत्या.

"तुम्हीच ना त्या डावखुऱ्या?" फोरमनने विचारलं.

"नाही साहेब. मी ॲम्बिडेक्स्ट्रस आहे."

फोरमन बाईंकडे बघायला लागला. बाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"करूनच दाखवते."

आत्या भिंगाखाली बसली. केसाएवढ्या तारांचे तीन जोड तिने एका पट्टीवर उजव्या हाताने सोल्डर केले, मग हात बदलून डाव्याने तीन. बाईंनी ती पट्टी फोरमनपुढे सरकवली. "सांगा, यातले डाव्या हाताचे कोणते?"

त्याने बराच वेळ डोळे बारीक केले आणि बोट ठेवलं ते नेमकं उजव्या हाताच्या जोडांवर.

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या. वर हसून फोरमनला म्हणाल्या, "तो शब्द लिहून घ्या."

आत्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आली. दारातूनच म्हणाली, "पुढचा सांग. चांगला लांबलचक."