आधीच्या रुग्णाचं वजन

चार वाजता सही करायची होती, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी स्क्रीनवर पुन्हा तीच लाल ओळ आली.

नऊशे बारा टेस्टपैकी ही एक. टेस्ट म्हणजे प्रोग्रामची परीक्षा घेणारे छोटे छोटे प्रोग्राम. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. सुरुचीच्या टीमने प्रसूतिगृहांसाठी औषधाचा डोस काढून देणारा प्रोग्राम केला होता, आणि या परीक्षा तिच्याकडे होत्या. मिहानच्या आयटी वसाहतीतल्या त्या ऑफिसातून तिच्या सहीशिवाय काही बाहेर जायचं नाही.

"तीच? बाळाची?" टीमचा प्रमुख मोहित डबा बंद करता करता म्हणाला. "काहून टेन्शन घेऊन राहिली वं? पुन्हा चालव. होते हिरवी."

व्हायची खरी. पूर्वी सगळ्या टेस्टना पाऊण तास लागे, कारण प्रत्येकीआधी प्रोग्राम बंद करून नव्याने सुरू करत. मोहितने तो एकदाच सुरू करून सगळ्या टेस्ट त्याच्यावर एकामागून एक सोडायला लावल्या, आणि काम सहा मिनिटांवर आलं. टेस्टचा क्रम दर वेळी आपोआप पिसला जायचा. तेव्हापासून अधूनमधून एखादी टेस्ट उगाच लाल होऊ लागली. त्यावरचा उपाय सुरुचीचाच: लाल टेस्ट आपोआप तीनदा चालवायची, एकदा जरी हिरवी आली की पास. ऑफिसात त्याला 'सुरुचीचा प्रसाद' म्हणत. तीही हसायची.

आज मात्र तिन्ही वेळा लाल आली होती. असं कधी झालं नव्हतं.  तिने पुन्हा सगळं चालवायला लावलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

यमुताई. तिची आत्या. महाल भागातल्या राममंदिरात तिचा कीर्तनाचा सप्ताह सुरू होता, आणि झांज सुरुचीकडे असायची.

"सहाला येतेस ना? हा विक्की डोकं खाऊन राहिलाय बघ."

मागून तबल्यावर हातोडी पडल्याचा आवाज येत होता. तबलजी विक्की कुरकुरत होता, "आत्ताच तर आधीच्या बुवांचं कीर्तन झालं, ताई. लागलेलाच आहे तबला."

"त्यांच्यासाठी लागलाय गा. त्यांचा सूर उतरव, माझा चढव. उठून गेलेल्या बुवांच्या पट्टीत मी देवापुढे उभी राहू काय?"

सुरुचीला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. आत्या पुढे काहीतरी बोलत होती. सुरुची स्क्रीनकडे बघत होती. नवी फेरी संपली होती. सगळं हिरवं.

"येते," ती कसंबसं म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बुवांची मागे राहिलेली पट्टी मात्र डोक्यातून जाईना; तिने जुनी लाल ओळ उघडली. गेले चार महिने तिने फक्त रंग बघितला होता. खाली काय लिहिलंय ते कधी वाचलंच नव्हतं. परीक्षा साधी होती. बाळाचं वजन भरलेलं नाही, तेव्हा प्रोग्रामने 'आधी वजन भरा' म्हणून अडून बसायचं. तो अडला नव्हता. त्याने डोस सांगितला होता. बासष्ट किलोच्या माणसाचा.

बासष्ट किलो कोण? तिने क्रम काढून बघितला. बाळाच्या आधी आईची टेस्ट होती. आई बासष्ट किलोची.

तिने त्या दोनच टेस्ट हाताने चालवल्या. आई, मग बाळ. लाल. पुन्हा. लाल. बाळ एकटं. हिरवं. आई, मग बाळ. लाल.

 बाहेर मे महिन्याचं ऊन काचेवर आपटत होतं.

"मोहित, आईचं वजन मागे राहतंय."

"हां तो टेस्टचा कचरा आहे," तो म्हणाला. "आपण प्रोग्राम बंद करत नाही मधे, म्हणून. खऱ्या प्रोग्रामले काय त्याचं?"

"वॉर्डातला कॉम्प्युटर कोण बंद करतं दोन रुग्णांच्या मधे?"

त्याने वळून तिच्या स्क्रीनकडे बघितलं.

"आपल्याकडे क्रम पिसलेला असतो, म्हणून कधीतरी येतं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तिथे आधी आईच भरतात. मग बाळ. दर वेळी. नशीब, अजून गेलं नाही बाहेर."

मोहितने खुर्चीची पाठ धरली. 

"भिवापूरकडच्या प्रसूतिगृहात सकाळी टाकलं," तो म्हणाला. "ट्रायल म्हणून. काल हिरवं होतं ना... तुझी सही काय, आज होणारच होती."

ती ओरडली नाही. तिने नंबर मागितला. सहा वेळा घंटी वाजली. प्रत्येक घंटीला तिच्या तोंडून नकळत रामाचं नाव जात होतं. सातव्याला कोणीतरी उचललं.

"हॅलो, सिस्टर दिपाली बोलून राहिली."

"सिस्टर, डोसच्या प्रोग्रामवाले आम्ही. आज बाळाला त्याच्यावरून काही दिलं का?"

"आत्ताच तर बाळ झालं, मॅडम. थोडं सुस्त आहे, डॉक्टर इंजेक्शन सांगून ऑपरेशनले गेले. वजनकाटा बिघडला, दुसरा येऊन राहिला. वजन न भरताही तुमच्या कॉम्प्युटरनं डोस सांगितला. मले जरा जास्तच वाटला. लहान सिरिंजमध्ये मावेचना. मोठी आणाले सांगितली... आली बघा."

"देऊ नका!"

सगळं ऑफिस उभं राहिलं.

"तो आईचा डोस आहे. सिस्टर, ऐकताय ना? ठेवा ती खाली. कॉम्प्युटर बंद करा. डॉक्टरांना विचारून हाताने काढा."

 पलीकडून धातूच्या ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा आवाज.

"ठेवली," दिपाली म्हणाली. खूप हळू. "ठेवली, मॅडम. कॉम्प्युटर बंद करून राहिली."

"फोन चालू ठेवा," सुरुची म्हणाली.

फोन तसाच चालू राहिला. लांब कुठेतरी बाळ रडायला लागलं, बारीक, रागावलेलं. सुरुचीने डोळे मिटले आणि ते रडणं शेवटपर्यंत ऐकलं.

मग तिने आपला तीन वेळांचा नियम उघडला आणि पुसून टाकला. प्रत्येक टेस्टआधी प्रोग्राम नव्याने सुरू होईल असं केलं, आणि आई-मग-बाळ ही जोडी वेगळी लिहिली, मधे काहीही बंद न करता. मोहित शेजारी येऊन उभा राहिला.

"पाऊण तास लागेल आता," तो म्हणाला.

"लागू दे."

"आणि ही जोडी?"

"ती लालच आहे," सुरुची म्हणाली. "प्रोग्राम सुधारेपर्यंत तिला कोणी पुन्हा चालवायचं नाही."

सहा वाजता झांज तिच्याशिवायच वाजणार होती. तिने आत्याला तसं कळवलं, आणि बाळ कसं आहे ते विचारायला भिवापूरचा नंबर पुन्हा लावला.