डावी पट्टी बंद पडली ती दुपार

मी एक जुना मिक्सर आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, मित्रांनो. तो माझा लांबचा भाऊ, आणि वाटण-कुटण त्यालाच शोभते. मी गाणी एकात एक मिसळणारा मिक्सर. माझ्या छातीवर तीन सरकपट्ट्या आहेत. दोन बाजूंच्या दोन यंत्रांतून दोन गाणी माझ्यात येतात. पट्टी खाली आली की तिच्या गाण्याचा आवाज उतरतो, वर गेली की चढतो. डीजे एक पट्टी हळूहळू खाली घेतो आणि दुसरी वर चढवतो. समोर नाचणाऱ्याच्या पायाला गाणे बदलल्याचा पत्ताही लागू नये, एवढेच माझे काम.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटातल्या केसासारख्या तारा जोडणाऱ्या सगळ्या बायका होत्या. निळे अंगरखे घालून, भिंगाखाली मान वाकवून त्या दिवसभर बसत. पुरुषांची बोटे या कामाला जाड पडतात, असे तिथला मुकादम म्हणायचा. पुढे मला याचे फार नवल वाटले. मला घडवताना बाईचे हात सगळ्यांना चालले. मला वाजवताना मात्र तेच हात लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले.

कारखान्यातून मी एका दुकानात आलो. समारंभांना स्पीकर भाड्याने देणारे दुकान होते ते. मालकांना सगळे मामा म्हणत. आठ वर्षे मी त्यांच्या टेंपोतून गावभर हिंडलो. कितीतरी डीजे माझ्यापुढे उभे राहिले. मी माणसांना चेहऱ्याने ओळखत नाही, बोटांनी ओळखतो. अंगठ्यांची बोटे, घामेजलेली बोटे, घाईने चापट मारणारी बोटे. सगळी पुरुषांची. माझे कौतुकही पुष्कळ झाले. मग एका लग्नात कुणीतरी माझ्या डाव्या पट्टीवर गोड सरबत सांडले. तेव्हापासून ती पट्टी अधूनमधून कुरकुर करू लागली. मामांनी नवे यंत्र आणले आणि मी फळीवर गेलो. दोन वर्षे धूळ खात पडलो होतो. कोळ्याने माझ्या बटणांमध्ये घर केले, ते मोडायलाही कुणी आले नाही.

मला खाली काढले ते मामांच्या भाचीने. ती यंत्रदुरुस्तीचे शिक्षण घेऊन दुकानात कामाला लागली होती. तिच्या हातात सदा बारीक चिमटा असे, म्हणून टेंपोवाल्याने तिचे नाव चिमटी ठेवले आणि तेच रूढ झाले. तिने माझे झाकण उघडले, मऊ कुंचल्याने आतली धूळ झाडली आणि तुटलेल्या तारा पुन्हा जोडल्या. कारखान्यातल्या त्या बायकांनंतर माझ्या पोटाला लागलेला तो पहिला हलका हात.

दुरुस्ती झाली की यंत्र तपासून बघावे लागते. चिमटीने दोन गाणी लावली आणि मला तपासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले. महिनाभरात ही तपासणी पाच मिनिटांवरून दोन तासांवर गेली. दुकान दहाला उघडायचे, ती आठला यायची. कधी गाणी एकमेकांवर आदळायची, मग ती स्वतःशीच हसायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. दुसऱ्या वर्षी एका सकाळी तिने सहा गाणी अशी गुंफली की शटर उघडायला आलेले मामा किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. ते म्हणाले, "हे मला कधीच जमलं नाही गं." मामांच्या तोंडून हे ऐकायला मिळणे म्हणजे मोठी गोष्ट होती.

त्यांनीच तिला पहिली कामे दिली. छोटी संमेलने, वाढदिवस. लोक नाचत होते, पण कार्यक्रम संपला की प्रश्न ठरलेला असे. गाणी कुणी बसवून दिली? मामांनी ना? तिची आई शिलाईकाम करायची. ती एकदा म्हणाली, "मी ब्लाउज शिवून दिला तर मला कुणी विचारत नाही, कापून कुणी दिला म्हणून." चिमटीने ते हसण्यावारी नेले. तेव्हा तिला हसता येत होते.

मग नदीकाठच्या मैदानावर दिवसभर चालणारा मोठा नाचाचा कार्यक्रम ठरला. बारा डीजे होते. अकरा पुरुष आणि एक चिमटी. आयोजकाने भिंतोभिंती जाहिराती लावल्या. त्यावर सगळ्यात मोठा फोटो तिचा होता आणि वेळ सगळ्यात वाईट तिचीच. भर उन्हात बारा वाजता, लोक अजून रांगेत उभे असताना, अर्धा तास. ती आयोजकाच्या कचेरीत गेली तेव्हा मी तिच्या पिशवीत होतो. तिने संध्याकाळची वेळ मागितली. फोटो एवढा मोठा आहे तर वेळही तशी द्या, एवढेच तिचे म्हणणे. आयोजक कागद चाळत म्हणाला, "तुला बघायला लोक येतील. ऐकायला उस्ताद आहेत."

उस्ताद म्हणजे त्या बारांतले सर्वांत नावाजलेले डीजे. कार्यक्रमासाठी आणलेले कोरे यंत्र त्यांच्यासाठी राखून ठेवले होते. चिमटीने ते वापरू का, असे विचारले. महागाचे आहे, उगाच काही बिघडले तर, असे उत्तर मिळाले. रोज अशी यंत्रे उघडून दुरुस्त करणाऱ्या मुलीला हे ऐकावे लागले. म्हणून मग त्या मैदानावर जायचे ते मीच, असे ठरले.

कार्यक्रमाला आठवडा उरला असताना कुणीतरी तिच्या जुन्या कार्यक्रमाचा तुकडा मोबाइलवर फिरवला. खाली लिहिले होते, ही नुसते हात हलवते, गाणी आधीच भरून आणते. दोन दिवसांत ते गावभर झाले. तिच्या फोनवर घाणेरडे निरोप येऊ लागले. एकाने लिहिले की मैदानावर भेटू, मग बघू किती वाजवतेस. फोन माझ्याशेजारी टेबलावर ठेवलेला असे. तो थरथरला की टेबल थरथरे, आणि तिचा हात माझ्यावरून उडे. तिचे जेवण सुटले. आईने कार्यक्रम सोडून दे म्हणून सांगितले नाही. तिने फक्त विचारले, "जाताना-येताना मी बरोबर येऊ का?" आणि चिमटी हो म्हणाली.

मामांनी एक तोड सुचवली. तुझ्या हातांवर वरून कॅमेरा लावू, मोठ्या पडद्यावर दाखवू, म्हणजे सगळ्यांची तोंडे बंद होतील. चिमटीने नकारार्थी मान हलवली.

"त्या अकरा जणांच्या हातांवर लावणार आहेत का?"

कॅमेऱ्याचा विषय तिथेच संपला.

आदल्या दिवशी तिने मला पुन्हा उघडले. डावी पट्टी आतून झिजली होती. नवी मागवली होती, ती आली नव्हती. तिने जुनीच पुसून, चिमट्याने पत्रा किंचित वाकवून बसवली. मित्रांनो, खरे सांगतो, माझा जीव टांगणीला लागला होता. ती पट्टी टिकणार नाही हे मला आतून कळत होते. पण यंत्राला तोंड नसते. माझ्यातून गाणी बाहेर पडतात, माझे बोलणे नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला आम्ही उभे राहिलो. मंचावर पत्र्याचे छप्पर होते, पण ऊन बाजूने आत येत होते आणि माझे अंग तापले होते. मैदानात चार-पाचशे माणसे असतील. त्यातली पुढची पंचवीस-तीस नाचायला आलेली नव्हती. फोन वर धरून ती चिमटीच्या हातांकडे बघत होती. मंचाच्या कडेला आई पाण्याची बाटली घेऊन बसली होती.

पहिले गाणे सुरू झाले आणि पहिला घाव बसला. डीजेला स्वतःचे ऐकू यावे म्हणून टेबलापाशी एक छोटा स्पीकर तिच्याकडे तोंड करून ठेवतात. तो मुका होता. मैदानाचा आवाज सांभाळणारा दाढीवाला माणूस समोरच्या तंबूत बसला होता. तिने त्याला खूण केली. त्याने हाताने ठीक आहे असे दाखवले आणि पुन्हा गप्पांत रमला. चिमटीने हेडफोनचा एक कान लावला, दुसरा उघडा ठेवला आणि मैदानाच्या टोकावरून परत येणारा आवाज ऐकत ती पुढे निघाली. तो आवाज उशिरा येतो. त्याच्यावर विसंबले की ताल चुकतो. ती चुकली नाही. दुसरे गाणे पहिल्यात मिसळले, तिसरे दुसऱ्यात. मागे काही लोक नाचू लागले होते. 

चौथ्या गाण्याला माझा घात झाला. तिने उजवी पट्टी खाली घेतली, डावी वर चढवली, आणि डाव्या पट्टीतून फक्त एक खरखर बाहेर पडली. त्यानंतर काहीच नाही. सगळे मैदान एकदम गप्प झाले. ते दोन-तीन सेकंदच असतील, पण मला जन्मभर पुरतील. मग शिट्ट्या सुरू झाल्या. पुढून कुणीतरी ओरडले की भरून आणलेले संपले वाटते. लोक हसले.

चिमटीने उजवी पट्टी तडक वर ढकलली. आधीचे गाणे परत आले, पण ते संपायला मिनिटही उरले नव्हते. एवढ्यात माझ्यावर एक अनोळखी हात पडला. जड, अंगठी घातलेला. उस्ताद मागून आले होते. एका हाताने तिचा खांदा बाजूला सारत, दुसऱ्याने माझी बटणे फिरवू लागले. म्हणाले, "सरक बाळ, मी बघतो." आई उठून उभी राहिली.

बोलायचा माइक माझ्याच एका कोपऱ्यात जोडलेला होता. चिमटीने तो ओढून घेतला. ती ओरडली नाही. तिचा आवाज माझ्यातून गेला आणि मैदानावरच्या सगळ्या स्पीकरांतून बाहेर पडला.

"हात काढा. माझी वेळ अजून संपलेली नाही."

उस्ताद इतके गडबडले की हात काढून उभेच राहिले. सगळे मैदान त्यांच्याकडे बघत होते. चिमटीने माइक ठेवला. आता तीसेक सेकंद उरले होते. हेडफोनमध्ये डावीकडचे गाणे तिला नीट ऐकू येत होते, म्हणजे गाणे माझ्यापर्यंत पोचत होते आणि बिघाड फक्त पट्टीत होता. हे तिला कळायला किती वेळ लागला असेल? माझे पोट ओळखणारीला क्षणभरही लागला नाही. तिने माझ्या पाठीमागे हात घातला, न बघता डावीकडची वायर उपटली आणि तिसऱ्या पट्टीच्या भोकात खोचली. तिसरी पट्टी फारशी कुणी वापरत नसे, ती कोरी होती. ओठांनी ताल मोजत ती थांबली. सात, आठ. पट्टी वर.

गाणे अगदी ठोक्यावर आले. मागची गर्दी आधी उसळली, मग मधली. पुढच्या पंचवीस-तीस जणांतले काही फोन खाली आले. उरलेली बारा मिनिटे तिने दोनच धड पट्ट्यांवर काढली. उतरली तेव्हा आईने बाटली पुढे केली आणि तिने ती उभ्याउभ्याच रिकामी केली. 

लोकांनी कौतुक केले. गाणे तुटले, म्हणजे ही खरेच वाजवते, असे आता त्यांनीच ठरवले. एकजण म्हणाला, बाई असून चांगले वाजवते. चिमटीला त्या कौतुकाचा आनंद झाला नाही. घरी जाताना ती आईला म्हणाली की बिघाड झाला नसता तर मी खोटीच ठरले असते. आई तिचा हात धरून बसली होती, तिने तो सोडला नाही.

मामांच्या दुकानात सगळ्यांना खात्री होती की दाढीवाल्यानेच काहीतरी केले. चिमटीने मला उघडले, झिजलेली पट्टी बाहेर काढली आणि सगळ्यांपुढे ठेवली. छोटा स्पीकर त्याने बंद ठेवला होता, त्याबद्दल मी त्याला विचारणार आहे, ती म्हणाली. पण पट्टी आपली होती, ते त्याच्या माथी मारायचे नाही. विचारल्यावर दाढीवाल्याने सुरुवातीला विसरलो म्हणून सांगितले. तिने पुन्हा विचारले. मग मान खाली घालून तो म्हणाला की उस्तादांसाठी तोच स्पीकर मी तीनदा तपासला होता.

पुढच्या वर्षी आयोजकाने तिला संध्याकाळची वेळ देऊ केली. तिने तीन अटी घातल्या. फोटो सगळ्यांचे सारखे. टेबलावरच्या यंत्राला वाजवणाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि आणखी दोन मुलींना जागा. त्याने पहिल्या दोन मान्य केल्या, तिसरीला हसला. ती गेली नाही. मोठे काम हातचे गेले आणि त्याचे तिला वाईट वाटले. वाटले नाही असे मी सांगणार नाही. त्या महिन्यात तिने मामांच्या माडीवरची खोली झाडून घेतली आणि रविवारी सकाळी मुलींना शिकवायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी तिघी आल्या. आता अकरा येतात.

माझी डावी पट्टी नवी आहे, पण बाकी सगळा मी जुनाच. मोठ्या मैदानावर मी आता जात नाही. परवा एक नवी मुलगी आली, चौदाएक वर्षांची. अर्धा तास ती दाराशीच उभी होती. मग माझ्याजवळ आली आणि हात मागे बांधून विचारू लागली, माझ्याकडून मोडला तर? चिमटीने माझे झाकण काढून तिला माझे पोट दाखवले आणि कुठली तार कुठे जाते ते समजावले.

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर कापड घाला. माझ्यावर पेला ठेवू नका. एवढे केलेत तर मी आणखी काही वर्षे चालेन. पण यंत्राची काळजी घेणे सोपे आहे. एखादी मुलगी यंत्रापाशी उभी असेल तेव्हा तिला हे कुणी बसवून दिले, असे विचारू नका. तिचे गाणे अडले तर तिला सारून पुढे होऊ नका. ती काय करते ते गाणे संपेपर्यंत ऐका. आवडले नाही तर तसे सांगा, जसे कुणालाही सांगाल. आणि दाराशी उभी असलेली कुणी दिसली, तर आत बोलवा.