टाकीतला प्राण

गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तरी माणसं वाकून आत घुसतच होती. चपला बाहेर, आणि आत जुन्या कॉम्प्रेसरभोवती वीस-पंचवीस जण ओल्या फरशीवर अनवाणी. टाकीला हात लागला की झिणझिणी थेट कोपरापर्यंत चढे आणि माणूस डोळे मिटून घेई.

"यात हवा नाही, प्राण आहे," भंगारवाले काका सांगत होते. कॉम्प्रेसर त्यांनीच विकलेला. "उस्ताद मेकॅनिकने शेवटचा श्वास या टाकीत सोडला. हात भिजवा, चपला काढा, अहंकार काढा. श्रद्धा असेल त्यालाच खूण पटेल."

तेवढ्यात मोटर आपोआप धडधडली.

"बघा, उस्ताद दम घेताहेत."

सगळ्यांचे हात जोडले गेले.

घरातून गॅरेजात उघडणाऱ्या दारात ती उभी होती, कडेवर लेक. पोर तीन वर्षांची झाली तरी दोनच शब्द बोलायची. आज तिचा हात टाकीवर ठेवायचा, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. "काका म्हणतात, वाचा फुटेल. माझा गुडघा नाही का सुधारला?"

मोटर आपोआप का सुरू होते, ते तिला ठाऊक होतं. हवा गळून टाकीतला दाब उतरला की प्रेशर स्विच मोटर चालू करतो. हे तिला समजावणारा तिचा नवरा, या गॅरेजचा मालक, गर्दीत मान खाली घालून उभा होता. तो का बोलत नाही, हेच तिला कळेना.

कोपऱ्यातला शिंपी मघाशी रबरी स्लिपर घालून आला, तेव्हा त्याला काहीच जाणवलं नाही. काका म्हणाले, "श्रद्धा कच्ची." स्लिपर काढल्याबरोबर तो टुणकन उडाला. श्रद्धा काय पायांच्या तळव्यात असते? आणि काका स्वतः जाड रबरी पट्ट्यावर उभे, 'आसन' म्हणून.

"काका, आसन सोडा आणि तुम्हीच हात लावा."

"गुरूची परीक्षा घेऊ नये, सूनबाई."

सासूबाईंनी नातीचं मनगट धरलं. तिने ते सोडवलं, सरळ भिंतीपाशी जाऊन प्लग उपसला आणि शिंप्याला म्हणाली, "आता लावा हात."

शिंप्याने भीत भीत लावला. मग दोन्ही हात लावले. "उस्ताद गेले वाटतं."

कोणीतरी फिसकन हसलं.

"प्लग काढला की जाणारा प्राण विजेचाच असतो," ती म्हणाली. लेकीला शिंप्याकडे देऊन तिने स्क्रू ड्रायव्हरने प्लग उघडला. तीन पिना, पण जोडलेल्या वायरी दोनच. तिसरी, गळका करंट जमिनीत नेणारी हिरवी अर्थिंगची, कापून टेपने गुंडाळलेली. टेपचं टोक नखाला सापडावं म्हणून दुमडलेलं. या घरात टेप अशी एकच माणूस लावतो.

ती नवऱ्याकडे वळली. "अर्थिंग तू तोडलंस?"

"जोडलं की ट्रिप स्विच पडायचा गं. दहादा पडला. काम कसं करायचं?"

"म्हणजे मोटरमधून करंट उतरतोय, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"थोडासाच. मग आईला बरं वाटायला लागलं, लोक यायला लागले. सांगायचं कोणत्या तोंडाने?"

"आत्ता पोरीचा हात धरला होता आईंनी. तू बघत होतास."

चार वर्षांच्या संसारात तिने दिवा-पंख्याच्या बाबतीत डोळे झाकून त्याच्यावरच विश्वास टाकला होता.

तिने हिरवी वायर पिनेला जोडली, झाकण आवळलं, प्लग लावून बटण दाबलं. खट्. ट्रिप स्विच पडला. पुन्हा चढवला, पुन्हा खट्.

"या घरात एवढा स्विच खरं बोलत होता. त्याचंच तोंड बंद केलंत."

काका पट्टा गुंडाळू लागले. "अविश्वासाच्या घरात शक्ती थांबत नाही."

"अर्थिंग असलेल्या घरात थांबत नाही," शिंपी म्हणाला.

"मग माझा गुडघा?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"आई, महिनाभर रोज जिना उतरून येताय. त्यानेच मोकळा झाला असेल. आणि पोरीला उद्या डॉक्टरकडे नेऊ. तुम्हीही चला."

नवरा पुढे आला. "मी सांगणारच होतो."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती लोकांशी बोलली, आवाज न चढवता. "आज करंट कोपरापर्यंत आला. मोटर आणखी जळली असती तर छातीपर्यंत गेला असता. यंत्राला हात लावून मुंग्या आल्या, तर हात जोडू नका. मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा. आणि 'काही होत नाही' म्हणणारं माणूस घरचं असलं, तरी उघडून बघा."