झऱ्यात उतरलेला रंग

रंग टाकून पाहा, असं मॅलकी गेरटीनंच सांगितलं होतं. एकदा नाही, चारदा. शेवटच्या वेळी तर तो बसनं थेट काउंटीच्या कचेरीत येऊन थडकला आणि सोरका नॉटनच्या टेबलासमोर टोपी मांडीवर ठेवून बसला.

"त्या फेस्टसच्या गोठ्यात रंग ओत आणि आमच्या झऱ्यावर येऊन उभी राहा," तो म्हणाला. "मग तुला दुसरं काही विचारावंच लागायचं नाही."

सोरका भूजलाचा अभ्यास करायची. बारा वर्षं ती याच भागातल्या विहिरी, झरे, ओढे धुंडाळत होती. पण मॅलकीला ती त्याच्याही आधीपासून ओळखत होती. तिचं माहेर त्याच्या टोबरगाल गावापासून दोन मैलांवर. शाळेची पोरं झरा बघायला आली की मॅलकी पंपघराचं कुलूप काढायचा, टाकीचं झाकण उचलायचा आणि म्हणायचा, "बघा, तळाचा खडा दिसतो की नाही?" गावातली ऐंशी घरं त्या झऱ्याचं पाणी प्यायची. नळपाणी योजना गावानं उभारलेली, आणि तीस वर्षं तिची देखभाल मॅलकी करत होता.

त्याला एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे पाण्यात टाकायचं जंतुनाशक औषध. नियम म्हणून तो ते इमानानं मोजून टाकायचा, पण स्वतःच्या घरी नळाचं पाणी प्यायचा नाही. "पोहायच्या तलावाची चव येते," म्हणायचा. रोज सकाळी झऱ्याच्या तोंडाशीच कॅन भरून घरी न्यायचा. त्याची मुलगी ग्रान्या नवऱ्यापासून वेगळी होऊन चार वर्षांच्या फियाला घेऊन त्याच्याकडेच राहत होती. फियाही त्याच कॅनमधलं पाणी प्यायची.

मार्चमध्ये आठवडाभर पाऊस लागला होता. त्यानंतर फियाच्या पोटात दुखू लागलं. दुसऱ्या दिवशी रक्त पडलं. चौथ्या दिवशी मूत्रपिंडं थांबली. तिला डब्लिनला हलवलं, आणि अकराव्या दिवशी ती गेली. गुरांच्या शेणात असणारा जंतू होता तो. तोच झऱ्याच्या पाण्यातही सापडला. त्या दिवसापासून झरा बंद झाला आणि गावाला टँकर येऊ लागला.

झऱ्याच्या वरच्या अंगाला, चढावर, फेस्टस कॉनकॅननच्या एकशे तीस गाई होत्या. गावाला पुरावा लागला नाही. दुकानात त्याच्याशी कुणी बोलेना. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. त्याची बायको बर्नी वीस वर्षं वेदीवरची फुलं मांडायची, तिच्याकडून ते काम काढून घेतलं. फाटकावर कुणीतरी लाल रंगानं 'खुनी' असं लिहिलं. फेस्टसनं ते पुसलंही नाही.

"खाली चुनखडक आहे, मॅलकी," सोरका त्याला समजावत म्हणाली होती. "वरून उतार दिसतो तसं पाणी खाली जाईलच असं नाही. खडकाच्या भेगा नेतील तिकडे ते जातं."

"मग बघ ना कुठं जातं ते. मी कुठं नको म्हणतोय?"

नोव्हेंबरमध्ये पाऊस पडून जमीन चिंब झाली, तेव्हा तिनं दिवस ठरवला. सकाळी सातला ती फेस्टसच्या अंगणात पोचली. त्याच्या शेणकाल्याच्या टाकीपलीकडे एक ओढा जमिनीतल्या भोकात गडप होत होता. फेस्टस स्वतः पाण्याचा पाइप धरून उभा राहिला. सोरकानं हिरवा रंग ओतला.

"जास्त टाक," तो म्हणाला. "नंतर कुणी म्हणायला नको की कमी पडला."

"पुरेसा आहे."

"हिरवा निघाला तर मी गुरं विकून इथून जाईन. बर्नीशी बोललोय मी." त्यानं पाइप खाली टाकला. "आणि नाही निघाला तर? तर कोण काय करणार आहे, सांग मला."

सोरका रिकामा डबा घेऊन गाडीकडे वळली. खिडकीत बर्नी उभी होती. सोरकानं हात हलवला, तशी ती आत सरकली.

तिथून सोरका मॅलकीकडे आली. त्याचं घर झऱ्यापासून जेमतेम सहाशे मीटरवर. घरामागच्या शेडमध्ये त्याची चार वासरं असायची. शेड धुतल्याचं पाणी मागच्या शोषखड्ड्यात जायचं. "तुमच्याही इथे टाकते," ती म्हणाली. "लाल."

"माझ्याकडे?" मॅलकीला हसू आलं. मार्चनंतर तिनं त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "चार वासरांचा धनी मी! टाक बाई. मलाही फाशी दे."

"जवळ आहे म्हणून. सगळंच पाहून घेतलेलं बरं."

"आण इकडे, मीच ओततो." त्यानं तिच्या हातून डबा घेतला. ओतता ओतता म्हणाला, "चाळीस वर्षं झाली हा खड्डा खणून. माझ्या बापानं आणि मी. एकदाही उपसावा लागला नाही. तुंबणं माहीतच नाही त्याला. असा खड्डा अख्ख्या काउंटीत दाखव मला."

जो खड्डा चाळीस वर्षांत भरत नाही, त्याच्या तळाला खडकाची उघडी भेग असते, हे सोरकाला ठाऊक होतं. खाली माती असती तर तो कधीच गाळानं भरला असता. तिनं तोंड उघडलंही. पण तोवर डबा रिकामा झाला होता आणि मॅलकी वरून पाणी सोडत होता, मन लावून, रंगाचा शेवटचा थेंबही खाली जाईल अशा बेतानं.

मग दोघं झऱ्यावर जाऊन बसली. सोरकानं पाण्यात यंत्र सोडलं. डोळ्यांना दिसण्याआधी रंग त्याला कळायचा. मॅलकी पालथ्या बादलीवर बसला. बाराच्या सुमारास ग्रान्या चहाचा थर्मास आणि लोणी लावलेला ब्रेड घेऊन आली. कामावर गेली नव्हती. हडकली होती, पण केस विंचरलेले होते, आणि सोरकाला त्याचंच बरं वाटलं.

"किती वेळ लागेल?" ग्रान्यानं विचारलं.

"सांगता येत नाही. आज येईल, नाहीतर चार दिवसांनी."

"मी थांबते."

"घरी जा, थंडी आहे," मॅलकी म्हणाला. "हिरवा दिसला की हाक मारतो."

"डॅडी, मी थांबणार आहे."

सव्वा वाजता यंत्रावरचे आकडे हलले. हिरव्याच्या रकान्यात शून्यच होतं. लालचा आकडा दोन झाला, पाच झाला, अकरा झाला. सोरकानं हातातला स्क्रीन छातीशी धरला. डोळ्यांना दिसायला अजून वीसेक मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत काय करावं ते तिला सुचेना. ग्रान्याला काहीतरी आणायला पाठवावं, असा विचार तिच्या मनात आला. मॅलकीला एकट्याला बाजूला घ्यावं, असंही आलं. बाप-लेक ब्रेड वाटून खात होती. कडेचा कडक तुकडा मॅलकीनं मुलीसाठी काढून ठेवला होता. लहानपणापासून तिला तोच आवडायचा बहुतेक. सोरका गप्पच राहिली. पुढे कितीतरी महिने तिला त्या गप्प राहण्याची लाज वाटत राहिली.

"ऊन पडलं की काय?" पाणी तांबूस वाटलं तशी मॅलकीनं आभाळाकडे पाहिलं. आभाळ पार राखाडी होतं. त्यानं परत पाण्याकडे पाहिलं. झऱ्याच्या तोंडाशी, दगडाखालून, फिकट गुलाबी रेघ उमटत होती. बघता बघता ती रुंद झाली. तळाचे खडे गुलाबी दिसायला लागले.

मग ग्रान्यानं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "डॅडी, फेस्टसकडे कुठला टाकला होता?"

मॅलकी पाण्याकडेच बघत होता. "हिरवा," तो म्हणाला.

ग्रान्यानं हातातला पेला दगडावर ठेवला. कोटाची बटणं एकेक करून लावली आणि पायवाटेनं निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

"यंत्र चुकत असेल," मॅलकी म्हणाला.

"डोळ्यांनीच दिसतंय, मॅलकी."

"हिरवा मागून येईल. लांबचा आहे ना तो."

"येईल कदाचित."

दोघं अंधार पडेपर्यंत बसून राहिली. हिरवा आला नाही. तो तिसऱ्या दिवशी पाच मैलांवरच्या तळ्यात निघाला, डोंगराच्या पार पलीकडच्या अंगाला. फेस्टसच्या गोठ्याचं थेंबभर पाणीसुद्धा टोबरगालकडे येत नव्हतं.

अहवाल लिहिण्याआधी सोरका मॅलकीला भेटायला गेली. तो स्वयंपाकघरात एकटाच होता. शेगडी विझलेली. ग्रान्या मैत्रिणीकडे राहायला गेली होती.

"हे बघा," सोरका म्हणाली, "रंगानं फक्त वाट कळते. जंतू त्या वाटेनं आला, असं रंग सांगत नाही. तो आणखी कुठूनही…"

"पोरी, मला असली सबब देऊ नकोस," मॅलकी म्हणाला. "मार्चमध्ये वासरांना हगवण लागली होती. एक तर मरायला टेकलं होतं. त्या आठवड्यात मी शेड रोज दोनदा धुतली. भरपूर पाणी मारून." तो टेबलावरून हात फिरवत राहिला. "फिया वासरांपाशी खेळायला यायची ना. म्हटलं, तिच्यासाठी स्वच्छ असावं."

सोरका खाली बसली. बाहेर टँकर आल्याचा आवाज झाला, कुणीतरी बादल्या आपटल्या. दोघंही उठली नाहीत.

"तू सांगू नकोस गावाला," तो म्हणाला. "मी सांगतो."

पुढच्या गुरुवारी गावच्या हॉलमध्ये सभा भरली. साठ-सत्तर माणसं होती. फेस्टस आणि बर्नी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली होती. त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. मॅलकी उभा राहिला. त्यानं काही लिहून आणलं नव्हतं.

"माझ्या शेडचं पाणी झऱ्यात जात होतं," तो म्हणाला. "फेस्टसचं जात नव्हतं. मी आठ महिने तुम्हा सगळ्यांना उलटं सांगत फिरलो. झऱ्याचं पाणी घरी मीच नेत होतो आणि माझ्या नातीला मीच पाजत होतो. एवढंच सांगायचं होतं."

सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. फेस्टस उठला. तो आता काहीतरी बोलेल, ओरडेल, असं सोरकाला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बर्नीचा कोट उचलून तिच्या खांद्यावर घातला आणि दोघं बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी मॅलकी फेस्टसच्या फाटकाशी गेला. घासणी आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन. ती अक्षरं घासत तो दोन तास तिथं होता म्हणतात. मग फेस्टस घरातून बाहेर आला आणि फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहिला.

"पुरे झालं, मॅलकी," तो म्हणाला. "घरी जा. गारठशील."

त्याहून जास्त तो काही बोलला नाही. आत ये असंही म्हणाला नाही. ही हकिगत सोरकाला बर्नीकडून कळली, आणि सांगताना बर्नीचा आवाज कोरडा होता. वसंतात त्यांनी गुरं विकली आणि दोघं मुलाकडे मेयोला गेली. कुणी जा म्हणालं नव्हतं. उलट आता लोक केक घेऊन दाराशी येत होते. पण बर्नीला त्या केकांकडे बघवत नव्हतं.

मॅलकीनं वासरं विकली. शोषखड्डा काँक्रीटनं बुजवला. झऱ्यावर नवी गाळणी आणि जंतू मारणारे दिवे बसले, देखभालीला दुसरा माणूस आला. सोरका दर तीन महिन्यांनी नमुने घ्यायला जायची. पाणी स्वच्छ होतं. नमुन्यांच्या बाटल्या गाडीत ठेवताना ती मॅलकीच्या घराकडे बघायची. धुराड्यातून धूर निघत असायचा. पहिल्या दोन वेळा तिनं दार वाजवलं. त्यानं उघडलं, चहा पाजला, तिच्या आईची चौकशी केली. झऱ्याचा विषय त्यानं काढला नाही. तिसऱ्या वेळी ती तशीच निघून आली.

ग्रान्या लिमरिकला एका दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली होती. दीड वर्षानं सोरका एका कामासाठी तिथं गेली असताना रस्त्यातच दोघींची गाठ पडली. टाळता येण्यासारखं नव्हतं. दोघी एका हॉटेलात कॉफी प्यायला बसल्या.

"एक विचारू?" ग्रान्या म्हणाली. "तो लाल रंग आमच्याकडे का टाकलास? हिरव्यानंच फेस्टस सुटला असता. तुला कुणी सांगितलं नव्हतं आमच्याकडे टाकायला."

"नव्हतं सांगितलं."

"मग?"

"झऱ्याला सगळ्यात जवळ तुमचं घर होतं, ग्रान्या. आणि गावात अजून मुलं आहेत."

ग्रान्यानं मान हलवली. "मीही तेच केलं असतं," ती म्हणाली. "तुझ्या जागी असते तर. पण तुला बघितलं की मला ते पाणी दिसतं. म्हणून आपण परत नको भेटायला. रागावू नकोस."

"नाही रागावत."

"डॅडीला मी दर रविवारी फोन करते. तो हवामान सांगतो. पाऊस किती झाला, वारा कुठला आहे. दहा मिनिटं तेच. मी हो हो म्हणते." तिनं पर्स उचलली. "गेल्या रविवारी म्हणाला, इथं आता ऊन पडलंय, एकदा येऊन जा. मी म्हटलं, बघते."

"जाशील?"

"माहीत नाही," ग्रान्या म्हणाली. मग घड्याळाकडे पाहून ती उठली. तिची जेवणाची सुट्टी संपली होती.