फ्रिजमधली बाटली

पांढऱ्या उंदरांना पोहायला लावणं हे तिचं काम. गढूळ पाण्याच्या टाकीत एक चौथरा बुडवलेला असायचा, तो उंदराने शोधायचा. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं घेतलेले म्हातारे उंदीर चांगले गुबगुबीत झाले होते आणि काल सापडलेला चौथरा आज सरळ गाठत होते. जेवताना ती हे घरी कौतुकाने बोलून बसली, तिथेच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा थेट प्रयोगशाळेत येऊन उभा. ट्रकवर माल चढवून कमावलेलं अंग, डोळे तांबारलेले.

"ती हार्मोनची बाटली दे. अप्पांना टोचायची."

"दादा, वेडा आहेस का? काही उंदरांच्या अंगात गाठी निघाल्यात. माणसाचं काय होईल, कुणाला ठाऊक!"

"अप्पांची हाडं वर आलीत. सकाळी मला म्हणाले, 'चोरा, घरात कसा शिरलास?' तुझ्या उंदरांना कालचं आठवतं, आणि आपल्या बापाला मी आठवत नाही!"

तो फ्रिजकडे वळला. ती आडवी आली, तशी त्याने तिला मानगुटीला धरून मांडणीवर आपटलं. पिंजरे धडाधड कोसळले, उंदीर सैरावैरा पळाले. दोन त्याच्या बुटाखाली चिरडले. एक त्याच्या पोटरीला कडकडून चावला. दादाने त्याला ओढून काढलं आणि भिंतीवर भिरकावलं. भिंत लाल झाली.

तेवढ्यात तिने फ्रिज उघडून बाटली काढली आणि फरशीवर फोडली.

दादाची मूठ तिच्या तोंडावर बसली. दात तुटला, तोंड रक्ताने भरलं. पुढचा विचार तिने केलाच नाही. लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या हातावर घातलं. हाड मोडलेलं दोघांनाही ऐकू आलं. तो काचांमध्येच मटकन बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.

तिची नोकरी त्याच दिवशी गेली. दवाखान्यात दादाच्या हाताला प्लास्टर घालून दोघं घरी आली.

तिचं सुजलेलं तोंड बघून अप्पा खाटेवरून ताडकन उठले.

"कुणाची पोर ही? कुणी मारलं हिला?"

"मी," दादा म्हणाला.

अप्पांनी काठी उचलली. त्या काटकुळ्या हातांत एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. पाठीत, खांद्यावर, प्लास्टरवर, दिसेल तिथे ते हाणत सुटले. ती मध्ये पडायला धावली, तर दादाने धडक्या हाताने तिला मागे सारलं.

"मारू दे."

दम संपला तशी काठी गळून पडली. अप्पा त्याच्याच खांद्याला धरून धापा टाकत राहिले.

"भल्या माणसा," ते म्हणाले, "जरा पाणी देतोस?"

दादा पाणी आणायला आत गेला.