लल्लन मिस्त्रीची बॅटरी

यज्ञेश्वरांनी गाडी घेतली, पण ती घरापर्यंत कधी आलीच नाही. विश्वनाथाच्या नगरीतल्या रामघाटाच्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. तिथे मोटार कुठली शिरणार? म्हणून ती मैदागिनच्या चौकात, रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. यज्ञेश्वर रोज सकाळी दहा मिनिटं चालत गाडीपर्यंत जायचे आणि मग गाडीतून बँकेत. गल्लीतले लोक हसायचे. पण त्र्याहत्तर सालात रामघाटावरच्या मराठी घरांत दुसऱ्या कुणाकडे मोटार होती? हसणाऱ्यांनाही एकदा तरी तिच्यात बसायचं होतंच.

गाडी विलायती, काळी, वीस वर्षं वापरलेली. कलकत्त्याला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. यज्ञेश्वरांना ती चालवता यायची, एवढंच. तिच्या पोटात काय आहे हे बघायला ते कधी वाकले नाहीत. बुशशर्टाला डाग पडतो म्हणायचे. ते काम आपसूक त्यांच्या बायकोकडे, शरदिनीकडे आलं. शरदिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी नवऱ्याबरोबर ती मैदागिनपर्यंत यायची. बॉनेटखाली डोकावून बघायला तिला आवडायचं, हेही खरं.

तिला ते शिकवलं लल्लन मिस्त्रीने. शेडच्या शेजारी निंबाच्या झाडाखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, दोन जॅक आणि तो स्वतः. पावसाळ्याच्या आधी गाडी पुढून चीं-चीं करायला लागली, तेव्हा सगळ्या मैदागिनने आपापलं निदान सांगून टाकलं. चहावाला बच्चन म्हणाला, उंदराने पिल्लं घातली आहेत. यज्ञेश्वरांचे बँकेतले मित्र रत्नाकर म्हणाले, इंजिन गेलं, आता भंगारात घाला. लल्लनने लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतला, त्याचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून एकेक जागा ऐकत गेला, डॉक्टर छाती तपासतो तसा. मग पंख्याच्या पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. आवाज बंद. थेंब उडून गेले, आवाज परत सुरू.

“पट्टा ढीला है, पंडितजी. चूहा-वूहा कुछ नहीं.”

पट्टा ताणला आणि चीं-चीं गेली. साहेबाच्या वेळची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. गणपतीच्या आठवड्यात लल्लनने तीही बदलून नवी बसवली. तिची सहा बुचं शरदिनीला उघडून दाखवली आणि बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची एक बाटली हातात दिली.

“पंद्रह-पंद्रह दिन पर देखिएगा, बहूजी. पानी कम हो तो इसी बोतल से. इसके सिवा एक बूँद भी कुछ नहीं. याद रहेगा?”

“राहील हो. मी काय पहिलीतली मुलगी आहे?” ती मराठीत म्हणाली. लल्लन हसला. रामघाटावरच्या मराठी घरांत वावरून त्याला मराठी कळायची.

घरात एका माणसाने मात्र त्या गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. शरदिनीचे सासरे ढुंढिराजशास्त्री. वय चौऱ्याहत्तर, गुडघे पार गेलेले. “त्या गाडीत साहेबाचं कुत्रं बसायचं. आणि साहेब तिच्यात बसून काय काय खायचा ते विश्वनाथालाच ठाऊक,” असं म्हणून ते काठी टेकत टेकत सगळीकडे पायी जायचे. दसऱ्याला दुर्गाकुंडाच्या देवीला जाण्याचा त्यांचा नेम साठ वर्षांचा होता. त्या वर्षी तो मोडायची वेळ आली. शरदिनीला ते बघवेना.

“मामंजी, खंडेनवमीला मी गाडीची पूजा करते. अगदी आतून-बाहेरून. तुम्ही स्वतः या, मंत्र म्हणा. मग तर बसाल?”

म्हातारा विरघळला. खंडेनवमीच्या सकाळी शेडसमोर खुर्ची टाकून ढुंढिराजशास्त्री बसले. शरदिनीने चाकांना, दिव्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, बैठकांवर गंगाजल शिंपडलं. बॉनेट उघडून इंजिनाला फूल वाहिलं. पंधरा दिवस झाले होते म्हणून बॅटरीची बुचं काढून तिने बाटलीतलं पाणीही घातलं. शास्त्रीबुवा वाकून बघत होते.

“सहा तोंडं? अगं, हा तर षडानन! आणि याचा अभिषेक राहिला की.”

गमतीत म्हणाले ते. पण चेहऱ्यावर असा आनंद होता, की कित्येक महिन्यांत तिने तो पाहिला नव्हता. लल्लनचे शब्द तिला आठवले नाहीत असं नाही. अगदी स्पष्ट आठवले. पण एवढ्याशा पळीने काय होणार, असं तिने मनाशी म्हटलं आणि सहाही तोंडांत एकेक पळी पंचामृत सोडलं. त्यातलं एक तुळशीचं पान घरंगळत आत गेलं. आतून बारीक फस्स आवाज आला, जळक्या दुधासारखा वास आला. तिने घाईघाईने बुचं लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ढुंढिराजशास्त्री गाडीत बसून दुर्गाकुंडाला गेले. वाटेत खिडकीतून हात काढून ओळखीच्यांना हाका मारत होते.

आठवड्याभरात गाडी कुरकुरायला लागली. किल्ली फिरवली की आधी नुसतं घर्रर्र, जणू कुणी घसा खाकरतंय. मग तेही बंद, फक्त एक टक्. बच्चनच्या चहाकडची माणसं धक्का मारायला यायची, “जोर लगाके” म्हणायची, आणि गाडी सुरू झाली की टाळ्या वाजवायची. यज्ञेश्वर आत बसून स्टिअरिंगकडे बघत राहायचे. बँकेतला अधिकारी माणूस, रोज सकाळी त्याची वरात निघायची.

लल्लनने एकेक करून सगळं पाहिलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं काही साठलं होतं, ते गरम पाण्याने धुतलं. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी तार सोडवून, घासून परत बसवली. सेल्फ-स्टार्टरला हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. बॅटरी नेऊन रात्रभर चार्ज केली. दोन दिवस गाडी नीट चालली, तिसऱ्या दिवशी परत टक्.

“नई बैटरी है, ऐसे बैठनी नहीं चाहिए,” तो स्वतःशीच पुटपुटत होता.

नेमकं तेच वाक्य रत्नाकरांनी पकडलं. “नवी नाहीच ती! यज्ञेश्वरा, हे लोक जुनी बॅटरी रंगवून गळ्यात मारतात. चार्ज करायला म्हणून नेली आणि बदलून आणली असेल. तू साधा माणूस, तुला काय कळणार!”

यज्ञेश्वरांना साधा माणूस म्हटलेलं आवडत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी, बच्चनच्या दुकानापुढे आठ-दहा माणसं चहा पीत असताना, त्यांनी लल्लनला हाक मारली आणि सरळ विचारलं, “हमारी बैटरी कहाँ बेची?”

लल्लनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला. त्याने बॅटरी काढून फुटपाथवर ठेवली, सहा बुचं उघडली, तारेचा आकडा करून आत घातला. आकड्याला लागून एक काळी, जळालेली, पातळ चकती वर आली. त्याने ती चिंधीवर ठेवली. नाकाशी नेली. मग त्याने मान वर करून शरदिनीकडे पाहिलं.

“बहूजी, इसमें कुछ पड़ा है. पानी आप ही देती थीं. बताइए इनको.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. चहाचे पेले हातातच राहिले. नवरा बघत होता. रत्नाकर बघत होते. भूगोल शिकवणारी, बी. ए. झालेली बाई; तिने या सगळ्यांपुढे सांगायचं की मी बॅटरीला दूध-दही-तूप पाजलं?

“मला काय माहीत?” ती म्हणाली. आणि पुरेसं नव्हतं म्हणून हिंदीतही म्हणाली, “हमें क्या मालूम?”

“आता बायकांवर ढकलतोस?” यज्ञेश्वर ओरडले.

लल्लनने मग तिच्याकडे पाहिलं नाही. बुचं एकेक करून परत लावली, हात पुसले, पेचकस पेटीत ठेवला.

बातमी दुपारपर्यंत रामघाटावर पोचली. लल्लनकडे स्कूटर नेणारे वेणीमाधव आचार्य दुसऱ्या मिस्त्रीकडे जायला लागले. वेदशाळेची जुनी जीपही तिकडेच गेली. एकाचं पाहून दुसरा, असं करत महिन्याभरात निंबाखाली फक्त तेलाचा काळा डाग उरला. लल्लन सासुरवाडीला, रामनगरला गेला, असं बच्चन सांगत होता.

एकदा जेवताना ढुंढिराजशास्त्री म्हणाले, “तो लल्लन चोर निघाला म्हणे. चांगला वाटायचा.” मग घास हातात धरून थांबले. “सूनबाई, आपण त्या दिवशी षडाननाला—”

“मामंजी, कढी वाढू?” शरदिनी म्हणाली. वाटी भरलेली होती, तरी तिने वाढली. कढी ताटात सांडली. शास्त्रीबुवांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून जेवायला लागले. तो विषय त्यांनी परत काढला नाही.

दुसऱ्या मिस्त्रीने नवी बॅटरी बसवली. गाडी आता अर्ध्या किल्लीत सुरू व्हायची. घुर्र झालं की लगेच गुळगुळीत आवाज. यज्ञेश्वर खूश. “बघ, काय फरक आहे! उगीच त्या भामट्याकडे अडकलो होतो.” शरदिनी त्यांच्याबरोबर मैदागिनला जायचं टाळायला लागली. वह्या तपासायच्या आहेत, पोळ्या राहिल्यात, डोकं दुखतंय. गाडी बिघडलेली असताना तिला कधी एवढी लाज वाटली नव्हती, तेवढी ती सुरू होताना वाटायची. शाळेत एका मुलीने शाई सांडून शेजारणीचं नाव सांगितलं, तेव्हा त्या मुलीला रागवायला तिने तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना.

माघात एका रविवारी माहेरी जाते सांगून ती निघाली. रिक्षाने सामनेघाट, तिथून गंगेवर तरंगणाऱ्या पिप्यांच्या पुलावरून पायी रामनगर. विचारत विचारत पोचली. लल्लन एका ट्रकखाली होता. त्याच्या बायकोने तिला ओळखलं नाही. बाजेवर बसवलं, गूळ आणि पाणी पुढे ठेवलं. गुळाचा खडा तोंडात धरून शरदिनी बसून राहिली.

लल्लन बाहेर आला. तिला पाहून तो बायकोला म्हणाला, “तू अंदर जा.”

शरदिनीने सगळं सांगितलं. अभिषेक, पळी, तुळशीचं पान. तिला वाटलं होतं तो चिडेल.

“हम तो उसी दिन समझ गए थे. दूध की बास छिपती है?”

“मग बोलला का नाहीत?”

“आप झूठ बोल चुकी थीं, बहूजी. उसके बाद हम क्या बोलते? पंडितजी मेरी मानते कि आपकी?”

ती रडायला लागली. “मला माफ करा.”

लल्लन चिंधीने एकेक बोट पुसत राहिला. “यहाँ माफी लेके हम क्या करें? यहाँ तो हमको कोई चोर नहीं कहता. मैदागिन पर कहिए.”

“तुम्ही याल?”

“हम काहे आएँ? बात आपकी है.” आणि तो परत ट्रकखाली गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरदिनी नवऱ्याबरोबर निघाली. ते म्हणाले, “आज डोकं नाही दुखत?” मैदागिनला थंडीमुळे बच्चनच्या भट्टीभोवती गर्दी होती. रत्नाकरही होते, आता तेही रोज गाडीतून बँकेत जायचे. यज्ञेश्वरांनी गाडी सुरू केली. शरदिनी चहाच्या दुकानाकडे वळली आणि उभी राहिली. हिंदीत, शाळेत धडा म्हणावा तशी, ती बोलली. लल्लनने बॅटरी बदलली नव्हती. त्याने बजावलं होतं, तरी मी पूजेचं पंचामृत बॅटरीत घातलं. माझ्यामुळे ती खराब झाली. आणि त्या दिवशी इथेच मी खोटं बोलले.

बच्चनला हसू आवरेना. “पंचामृत! हम कहें, गाड़ी पी-खाके सो काहे जाती है!” सगळी भट्टी हसायला लागली. कुणी म्हणालं, “बहूजी, पेट्रोल की टंकी में चरणामृत डालिए, दिल्ली तक जाएगी!” शरदिनी उभीच राहिली. पळून जाणं सोपं झालं असतं, पण हे हसू सोसणं हेही लल्लनचं देणंच आहे, असं तिला वाटलं.

रत्नाकर घड्याळ बघायला लागले. “चल यज्ञेश्वरा, उशीर होतोय.”

यज्ञेश्वरांनी गाडी बंद केली. ते उतरले आणि तिच्यासमोर आले. कान लाल झाले होते. “तेव्हा का नाही बोललीस?”

“तुम्ही हसला असतात.”

ते हसले नाहीत. रत्नाकरांना म्हणाले, “तू पुढे हो.” आणि मग हळूच तिला, “काल तिकडेच गेली होतीस ना? रामनगरला कुठे राहतो तो?”

यज्ञेश्वर त्याच संध्याकाळी जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. फाल्गुनात लल्लनची पेटी निंबाखाली परत आली. वेणीमाधवांची स्कूटर आली, वेदशाळेची जीप आली. यज्ञेश्वरांची काळी गाडी मात्र त्याने पुन्हा कधी उघडली नाही. “दूसरे को दिखा लीजिए, पंडितजी, हमारे पास टाइम नहीं,” एवढंच म्हणायचा, अगदी अदबीने.

शरदिनी शाळेला जाताना त्याच्यासमोरूनच जायची. थांबून नमस्कार करायची.

“राम-राम, बहूजी,” तो म्हणायचा. मान खालीच, कान पेचकसाच्या मुठीला.